डासाच्या अळीचे आठ दिवस

"डॉक्टर, आमच्या हौदातले पाणी आरशासारखे स्वच्छ आहे, गटार घरापासून लांब आहे, मग डेंग्यू आमच्याच घरी कसा आला?" पावसाळा सुरू झाला की हा प्रश्न मला दिवसातून दोनदा तरी ऐकावा लागतो. विचारणारी मंडळी शिकलेली असतात, घर टापटीप ठेवणारी असतात. त्यांच्या मनात एक समीकरण पक्के बसलेले असते की घाण तेथे डास. ते अर्धेच खरे आहे. डासाला घाण लागतेच असे नाही, त्याला साचलेले पाणी लागते. आणि डेंग्यूच्या डासाला तर तुमच्या घरातले स्वच्छ, झाकण नीट न बसणाऱ्या पिंपातले पाणीच अधिक आवडते.

डासाच्या जन्माचे चार टप्पे आपण शाळेत पाठ केलेले असतात: अंडे, अळी, कोश आणि पूर्ण वाढलेला डास. पाठ केलेले असते म्हणूनच बहुधा त्याचा अर्थ आपल्या लक्षात येत नाही. या चारांपैकी शेवटचा टप्पा हवेत उडणारा, कपाटामागे आणि पलंगाखाली लपणारा, हाती न लागणारा. त्याच्या मागे आपण अगरबत्त्या, वड्या, मलमे आणि धूर घेऊन धावतो. अळी आणि कोश मात्र ज्या भांड्यात आहेत तेथेच असतात. त्यांना पाय नाहीत, पंख नाहीत, एका पिंपातून दुसऱ्या पिंपात जाता येत नाही. आठ-दहा दिवस ते आपल्या ताब्यात असतात आणि नेमके तेच दिवस आपण फुकट घालवतो.

माझे सांगणे आहे की प्रत्येकाने एकदा ही अळी डोळ्यांनी पाहावी. आपल्याकडे पुष्कळ जण तिला नुसते "वळवळे" म्हणतात. पिंपातले वळवळे असलेले पाणी एका काचेच्या बरणीत घ्या आणि बरणी खिडकीपाशी उजेडात ठेवा. थोड्या वेळाने दिसेल की सगळ्या अळ्या पाण्याच्या वरच्या थराला डोके खाली आणि शेपटी वर अशा लोंबकळत आहेत. आता बरणीला बोटाने टिचकी मारा. सगळ्या झटक्यासरशी खाली बुडी मारतात. थोडा वेळ तळाशी काढतात आणि मग अंग वेडेवाकडे झटकत एकामागून एक पुन्हा वर येतात. तुम्ही दहा वेळा टिचकी मारली तर दहा वेळा खाली जातील आणि दहाही वेळा वर येतील. वर येण्यावाचून त्यांना गत्यंतर नसते, कारण त्यांचा श्वास वर आहे.

अळी पाण्यात राहते, पण ती माशासारखी पाण्यातला प्राणवायू घेऊन जगत नाही. तिच्या शेपटीजवळ एक बारीक नळी असते. ती नळी पाण्याबाहेर किंचित काढून ती हवा घेते, अगदी पाण्यात बुडून बसलेला मुलगा एरंडाची पोकळ दांडी तोंडात धरून श्वास घेतो तशी. नळीच्या टोकाशी पाणी न धरणाऱ्या बारीक पाकळ्या असतात. वर आल्यावर त्या उघडतात आणि अळी त्यांच्या आधाराने लोंबकळते, बुडी मारताना त्या मिटतात. शेपटीच्या टोकाला आणखी चार पांढुरक्या पाकळ्या दिसतात. त्यांना पुष्कळ जण कल्ले समजतात, पण त्यांचे मुख्य काम पाण्यातले क्षार शोषून घेण्याचे आहे.

आता तुम्ही म्हणाल, हवाच हवी तर तिने जमिनीवर का राहू नये? ते तिला जमत नाही. तिची कातडी इतकी पातळ असते की कोरड्या जागी पडल्यावर अंगातले पाणी उडून जाते आणि थोड्या वेळात ती सुकून मरते. शिवाय तिचे अन्न पाण्यात आहे. तोंडाशी असलेल्या केसांच्या दोन कुंच्यांनी ती सतत पाणी ढवळते आणि त्यातले जिवाणू, शेवाळाचे कण, कुजलेल्या पानाचा चुरा पोटात घेते. आपल्याला आरशासारखे दिसणारे पाणी तिच्या दृष्टीने पुरेसे भरलेले ताट असते. चार वेळा कात टाकून तिचा कोश होतो. हा स्वल्पविरामाच्या आकाराचा असतो, काही खात नाही, पण हालचाल करतो आणि श्वासही घेतो. फक्त नळी आता शेपटीला नसून पाठीवर दोन शिंगांसारखी असते. दोन दिवसांनी कोशाची पाठ फाटते, आतून डास बाहेर येतो, आपल्याच टाकलेल्या सालीवर होडीत उभे राहावे तसा उभा राहतो, पंख वाळवतो आणि उडून जातो. आपल्याकडच्या उन्हाळी-पावसाळी हवेत अंड्यातून बाहेर पडल्यापासून उडेपर्यंत साधारण सात ते दहा दिवस लागतात. थंडीत हा काळ लांबतो.

येथे एक गैरसमज दूर करतो. टाकीच्या तळाशी किंवा कधी नळाच्या पाण्यात लाल, दोऱ्यासारखे किडे येतात. घाबरलेली माणसे ते औषधाच्या बाटलीत घालून माझ्याकडे घेऊन येतात आणि हे रक्त पिणारे जंत आहेत का असे विचारतात. ही डासासारख्याच दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या एका माशीची अळी असते. तिच्या अंगात आपल्या रक्तात असते तशा जातीचे लाल द्रव्य असते, त्यामुळे ती तळाच्या गाळात अगदी कमी प्राणवायूवरही जगते आणि तिला वारंवार वर यावे लागत नाही. तिच्यापासून जंत होत नाहीत. मात्र टाकीत गाळ साठला आहे आणि ती धुवायला झाली आहे, एवढे ती नक्की सांगते.

डासाच्या अळ्या सगळ्या एकसारख्या नसतात आणि बरणीत पाहून त्यांतला फरक कोणालाही ओळखता येतो. जी अळी पृष्ठभागाशी तिरकी, डोके खाली करून लोंबते ती क्युलेक्स किंवा एडिस डासाची. क्युलेक्सची श्वासनळी लांब आणि सडपातळ, एडिसची आखूड आणि जाड. जी अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, एखादी काडी तरंगावी तशी आडवी पडते ती हिवतापाच्या ॲनॉफिलिस डासाची. तिला लांब नळी नसतेच, पाठीवरच्या छिद्रांतून ती हवा घेते, म्हणून तिला आडवे पडावे लागते. क्युलेक्स गटारे, संडासाच्या टाक्या आणि तुंबलेल्या सांडपाण्यात वाढतो. विदर्भातल्या नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली भागात ज्या हत्तीरोगाने पिढ्या त्रासल्या तो पसरवणारा हाच. एडिस हा डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका या तिन्ही रोगांचा वाहक. तो दिवसा चावतो आणि माणसाच्या घरातल्या भांड्यांवर जगतो. जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण सापडला तेव्हा आरोग्य पथके घरोघरी पिंपे, टाक्या आणि रांजण तपासत फिरली ती एवढ्यासाठीच.

हिवतापाच्या डासाविषयी मात्र आपल्या जुन्या मुंबईची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला ॲनॉफिलिस डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्यासाठी वापरलेले डास त्यांनी पकडलेले नव्हते, ते अळ्यांपासून वाढवलेले होते. आधी कोणाला चावलेला नाही अशी खात्री असलेला डासच त्या प्रयोगाला हवा होता. त्यानंतर १९११ साली डॉ. बेंटले यांनी मुंबईच्या हिवतापाविषयी अहवाल दिला. शहरातल्या हिवतापाचे मूळ दलदलीत नसून घरोघरच्या विहिरी आणि पाण्याच्या टाक्यांत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. विहिरी बुजवण्याची किंवा झाकण्याची मोहीम सुरू झाली तशी लोकांत नाराजी पसरली, कारण विहिरीशी पूजा आणि धर्मविधी जोडलेले होते. ॲनॉफिलिस स्टीफेन्साय या नावाचा तो डास आजही आपल्या शहरांतल्या उघड्या टाक्यांत आहे. एवढेच नव्हे तर २०१२ मध्ये तो आफ्रिकेतल्या जिबूतीत आणि २०१६ मध्ये इथिओपियात सापडला, आणि ज्या आफ्रिकेत हिवताप प्रामुख्याने खेड्यांचा रोग मानत तेथे शहरांनाही आता त्याची धास्ती वाटू लागली आहे.

आणखी एक डास आहे, मॅन्सोनिया. याची अळी फार हुशार. ती हवेसाठी वर येतच नाही. तिची श्वासनळी करवतीसारखी धारदार असते आणि ती जलपर्णीसारख्या पाणवनस्पतींच्या मुळात खुपसून ती त्या वनस्पतीतली हवा घेते. केरळात चेरथळा भागातल्या हत्तीरोगाशी याचा संबंध आहे. अशा अळीवर पाण्यावर तेल टाकून काही उपयोग होत नाही, वनस्पतीच उपटून काढावी लागते. श्वास कोठून घेतात हे कळले की मारायचे कसे ते कळते, असा याचा अर्थ.

तेलाचेच उदाहरण घ्या. गटारावर रॉकेल किंवा जळके ऑइल टाकण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. पाण्याच्या पृष्ठभागाला एक ताण असतो, जणू वर पातळ साय धरलेली असते. भांड्यातल्या पाण्यावर अलगद ठेवलेली सुई तरंगते ती त्या ताणामुळे. अळीही त्यालाच टांगलेली असते. तेल पसरले की तो ताण मोडतो, शिवाय तेल श्वासनळीत शिरते आणि अळी गुदमरून मरते. उपाय खरा आहे, पण तो गटारासाठी आणि साचलेल्या सांडपाण्यासाठी आहे. विहिरीजवळ किंवा बोअरजवळ जळके ऑइल ओतणारे लोक मी पाहिले आहेत. तसे करू नये. ते जमिनीत मुरते आणि मग आपणच ते पितो. टांझानियातल्या झांझिबार बेटावर माकुंदुची गावी १९८८ साली खड्ड्यांच्या संडासांत थर्माकोलचे बारीक मणी टाकून पाण्यावर जाड थर केला होता. अळीला हवा मिळेना, डासाला अंडी घालायला पाणी मिळेना, आणि गोळ्यांच्या जोडीने हत्तीरोग पुष्कळच उतरला. तेल उडून जाते, वाहून जाते, मणी मात्र वर्षानुवर्षे तरंगत राहतात.

संडासाच्या टाकीचा विषय निघाला म्हणून सांगतो. तिच्यावर जो उंच हवेचा पाइप असतो त्याच्या तोंडाला नायलॉनच्या जाळीचा तुकडा सुतळीने बांधा. खर्च चहाच्या कपाएवढा. जाळी नसेल तर तो पाइप म्हणजे क्युलेक्स डासांचा दरवाजा. संध्याकाळी दिवा लावून पाइपाकडे पाहा, मी काय म्हणतो ते कळेल. सांडपाण्यासाठी घराशेजारी शोषखड्डा केला की डबके राहतच नाही. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून गटारेच नाहीशी केली आणि ते गाव डासमुक्तीसाठी ओळखले जाऊ लागले.

पण डेंग्यूचे दुखणे गटाराने जात नाही. ते घरात आहे, आणि घरातले पाणी हा आपल्या भागात नाजूक विषय आहे. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, सगळी भांडी रिकामी करा, असे आम्ही डॉक्टर आणि आरोग्य खाते वर्षानुवर्षे सांगत आलो. मागे एक बाई दोन्ही मुलांना तापाने घेऊन आल्या होत्या. मी नेहमीचे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "डाक्टर, आमच्याकडं नळ धा दिसाला येतो. म्या भरलेलं पिंप सांडून देऊ व्हय? मग पोरास्नी प्यायला काय देऊ?" मी म्हटले, "मावशी, पाणी सांडू नका." मग त्यांना काय करायचे ते सांगितले, आणि तेच येथे सविस्तर लिहितो. दुष्काळाच्या वर्षी डास नसणार असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात पाणी जितके दुर्मीळ तितके ते घरात अधिक दिवस आणि अधिक भांड्यांत साठवले जाते. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. अशा गावात बाहेर डबके शोधूनही सापडणार नाही, पण प्रत्येक घरात आठ-आठ पिंपे भरलेली असतील. एडिसला आणखी काय पाहिजे?

पहिली गोष्ट झाकण. नुसते पत्र्याचे किंवा लाकडी फळीचे झाकण पुरत नाही, कारण बोटभर फट डासाला पुरेशी असते. पिंपाच्या तोंडावर धोतराचे किंवा जुन्या सुती साडीचे दुहेरी फडके ताणून सुतळीने किंवा सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने घट्ट बांधावे. फडके सैल पडून पाण्यात बुडता कामा नये, कारण एडिसची मादी ओल्या फडक्यावरही अंडी घालते. दुसरी गोष्ट गाळणे. अळ्या झाल्याच तर पाणी फेकू नका. दुहेरी फडक्यातून दुसऱ्या धुतलेल्या भांड्यात गाळा. अळ्या आणि कोश फडक्यात राहतील. ते फडके मोरीत झटकू नका, तेथे त्यांना पुन्हा पाणी मिळते. ओल्या मातीवरही नको, कारण अळी सुकते पण कोश चिवट असतो आणि दमट जागी त्यातून डास निघू शकतो. भर उन्हात तापलेल्या फरशीवर किंवा कोरड्या मातीवर झटका. गाळलेले पाणी वापरायला हरकत नाही, पिण्यासाठी मात्र ते उकळून किंवा आरोग्य केंद्रातून मिळणारे क्लोरिनचे द्रावण घालून घ्या. टीसीएल टाकले म्हणजे अळ्याही मेल्या, असे मात्र समजू नका. पिण्याच्या पाण्यात आपण जेवढे टाकतो तेवढ्याने अळीला काही होत नाही. तुरटीनेही होत नाही.

तिसरी गोष्ट घासणे, आणि बहुतेक घरांत चूक होते ती येथे. एडिसची मादी पाण्यावर अंडी घालत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीवर ती एकेक अंडे चिकटवते, एका वेळी शंभराच्या आसपास, आणि तीही एकाच भांड्यात नव्हे तर थोडी या पिंपात, थोडी त्या रांजणात. अंडी काळी आणि खसखशीपेक्षा बारीक असतात, ती डोळ्याला मळाच्या रेषेसारखी दिसतात. क्युलेक्स आणि ॲनॉफिलिसची अंडी कोरडी पडली की मरतात. एडिसची मरत नाहीत. ती भांड्याच्या कडेला महिनोन् महिने, सहा महिन्यांहूनही अधिक काळ कोरडी राहून जिवंत असतात आणि पाणी त्यांच्यापर्यंत चढले की फुटतात. म्हणजे तुम्ही पिंप रिकामे केले, उन्हात पालथे घातले, पुन्हा भरले, आणि तिसऱ्या दिवशी त्यात अळ्या दिसल्या तर नवा डास आलाच होता असे नाही. अंडी आधीपासून भिंतीवरच होती. डेंग्यूचा विषाणू काही प्रमाणात मादीकडून अंड्यांत उतरतो, हेही आता ठाऊक झाले आहे. म्हणून पिंप रिकामे होईल त्या दिवशी, मग तो कोणताही वार असो, नारळाच्या शेंडीने किंवा तारेच्या घासणीने आतली भिंत, विशेषतः काठाखालची वीतभर पट्टी, खरवडून घासावी आणि ते पाणी ओतून द्यावे. नळ दहा दिवसांनी येत असेल तर पिंपे एकदम न उपसता पाळीपाळीने वापरा. एक संपवा, घासा, वाळवा, मग दुसरे उघडा. याला जास्तीचे पाणी लागते ते तांब्याभर.

मोठा हौद किंवा सिमेंटची टाकी असेल, जी रिकामी करणे शक्यच नाही, तर गप्पी मासे सोडावेत. पुष्कळ प्राथमिक आरोग्य केंद्रांत ते पैदास करून ठेवलेले असतात आणि फुकट मिळतात. मोठा मासा दिवसाला ऐंशी-शंभर अळ्या सहज खातो. हे मासे अंडी न घालता थेट पिल्ले घालतात, त्यामुळे एकदा सोडले की संख्या टिकून राहते. दोन पथ्ये पाळावीत. टीसीएलचा मोठा डोस टाकला की मासे मरतात, तेव्हा ज्या टाकीत मासे तीत औषध नको. आणि हे मासे बाहेरदेशचे आहेत, ते ओढ्यात, नदीत किंवा गावतळ्यात सोडू नयेत. तेथले आपले छोटे मासे, बेडकांची पिल्ले आणि चतुरांच्या अळ्या हे काम पिढ्यान् पिढ्या करत आलेले आहेत, त्यांच्या पोटावर पाय येतो. चतुराची अळी तर डासाच्या अळीची काळ आहे, ती पाण्यातच श्वास घेऊन तळाशी दबा धरून बसते आणि वरून लोंबणाऱ्या अळ्या टिपते.

आरोग्य सेवक पाण्यात जे औषध टाकून जातात, ज्याला आपण ॲबेट म्हणतो, ते म्हणजे टेमेफॉस. त्याचा वास आवडत नाही म्हणून ते टाकू न देणारी घरे मला ठाऊक आहेत. दहा लाख भाग पाण्यात एक भाग एवढ्या अल्प प्रमाणात ते पिण्याच्या पाण्यातही जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेले आहे. वापरायच्या पाण्याच्या हौदात तरी ते टाकू द्यावे, सेवकाला दारातून परत पाठवू नये. याशिवाय जिवाणूंपासून केलेले बीटीआय नावाचे औषध आहे. ते १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात एका डबक्यातल्या मेलेल्या अळ्यांवरून सापडले. अळी ते खाते आणि तिचे आतडे फुटते, माणसाला किंवा गुराला त्याचा त्रास नाही. पण कोश काहीच खात नसल्यामुळे कोशावर ते चालत नाही. म्हणून अळ्या लहान असतानाच टाकावे लागते.

धुराच्या गाडीविषयी माझे मत अनेकांना आवडत नाही, तरी लिहितो. गल्लीत धूर सोडला की लोकांना काहीतरी झाल्यासारखे वाटते, पुढारीही खूश होतात. साथ भरात असताना विषाणू पोटात घेऊन उडणारे डास त्याने काही मरतात, तेवढ्यापुरता तो ठीक आहे. पण पाण्यातल्या एकाही अळीला धूर लागत नाही. आज धूर दिला आणि पिंपात कोश तयार असतील तर उद्या सकाळी नवे डास उडणार. एडिस डास सहसा शंभर-दोनशे मीटरच्या पलीकडे जात नाही. तुम्हाला चावलेला डास तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या भांड्यातच वाढलेला असतो. म्हणूनच एकट्याने घासून भागत नाही. माझ्या ओळखीच्या एका गल्लीतल्या बायकांनी बाजाराचा दिवस धरून ठेवला आहे. त्या दिवशी सकाळी एकमेकींच्या गच्च्या पाहतात. त्यात थोडी उखाळीपाखाळी होते, पण तापाचे रुग्ण त्या गल्लीतून मला आता क्वचितच दिसतात.

हे सगळे एवढ्या तपशिलाने लिहिण्याचे कारण २००६ साल मला विसरता येत नाही. त्याआधी चिकुनगुनियाची मोठी साथ १९७३ साली सोलापूर जिल्ह्यात बार्शीला येऊन गेली होती. मग तीसेक वर्षे तो रोग देशातून गेल्यासारखाच होता, आमच्या अभ्यासक्रमात त्याला दोन ओळी असत. २००५ च्या अखेरीस तो परतला आणि २००६ मध्ये खेडीच्या खेडी वाकली. सकाळी दवाखाना उघडावा तो ओट्यावर माणसे एकमेकांना धरून बसलेली असत. शेतमजूर बायकांना खुरपे मुठीत धरता येत नव्हते. ताप चार दिवसांत उतरे, सांधे कित्येकांचे सहा-सहा महिने धरलेले राहिले, आणि तो हंगाम त्यांच्या हातातून गेला. या रोगाला नेमके औषध तेव्हा नव्हते, आजही नाही. डेंग्यूलाही नाही. आम्ही ताप उतरवतो, पाणी आणि सलाइन देतो, रक्ताच्या पेशी मोजतो. अशा तापात ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणि सुया टाळाव्यात, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत द्यावे. ताप उतरल्यावर पोट दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणे किंवा लघवी कमी होणे यांपैकी काही दिसले तर रात्र काढू नये, रुग्णालय गाठावे.

पत्रातून विचारलेल्या दोन शंका राहिल्या. एकाने लिहिले आहे की घरात पिंप नाही, नळ चोवीस तास आहे, तरी अळ्या सापडल्या. अशा घरात फ्रिजच्या मागे खालच्या बाजूला पाणी जमण्याचा जो ट्रे असतो तो ओढून पाहावा, मनी प्लांटची बाटली पाहावी, देवघरातला तांब्या आणि कुंड्यांखालच्या बशा पाहाव्यात. गच्चीवर टाकलेला टायर, पक्ष्यांसाठी ठेवलेले पाण्याचे भांडे आणि फुटक्या बादल्या यांनाही विसरू नये. पक्ष्यांचे भांडे बंद करू नका, रोज घासून भरा. नारळाच्या करवंटीत पेलाभर पाणी साचले तरी डासाला ते पुरते.

दुसरी शंका कूलरची. उन्हाळा संपला की आपण कूलरचे पाणी काढून टाकतो, त्यावर चादर घालतो आणि माळ्यावर किंवा गच्चीच्या कोपऱ्यात तो ठेवून देतो. पुढच्या मार्चमध्ये काढून पाणी भरले की चौथ्या दिवशी त्यात अळ्या दिसतात आणि माणसे नळाच्या पाण्याला दोष देतात. अंडी गेल्या वर्षीचीच असण्याचा संभव असतो, टाकीच्या पत्र्याला आणि बाजूच्या गवताच्या पडद्याला चिकटून राहिलेली. म्हणून कूलर ठेवून देण्याआधी टाकी ब्रशने घासावी, कोपरे जास्त घासावेत, गवत काढून जाळून टाकावे आणि पुढच्या वर्षी नवे घालावे. यंदा ज्यांनी कूलर तसाच बांधून ठेवला असेल त्यांनी तो पाणी भरण्याआधी घासला तरी चालेल.